शब्द बाजारातला आणि शब्द शाळेतला

कोणत्याही घरातल्या आजीला विचारा, ‘पपई कशी?’ ती सांगेल, ‘उष्ण.’ फोड फ्रीजमधून नुकतीच काढलेली असो, दातांना कळ आणणारी असो; उत्तर बदलायचे नाही. सातवीतला नातू मात्र थर्मामीटर आणायला धावेल आणि आजीला खोटे ठरवील. वास्तविक दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आजीच्या ‘उष्ण’चे सोयरे म्हणजे थंड, वातूळ, पित्तकर, अंगात पदार्थ काय करतो याची ती भाषा आहे. नातवाच्या ‘उष्ण’चे सोयरे म्हणजे अंश, तापमान, उत्कलनबिंदू. शब्द एक, पण गोतावळे दोन. कल्पना शब्दात एकटी राहत नाही. ती गोतावळ्यात राहते. हे एवढे लक्षात ठेवले की आपल्या परिभाषेविषयीच्या पुष्कळशा वादांचा उलगडा होतो.

व्यवहारातल्या कल्पनांची दुसरीही एक गंमत आहे. त्यांना मध्य असतो, पण कुंपण नसते. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखालून जे पाणी वाहते त्याला गावकरी खाडी म्हणतात. तेच पाणी वर बदलापूरला उल्हास नदी असते. मध्ये कोठे तरी नदीची खाडी होते. पण नेमकी कोठे, हे दाखवायला कोणी दगड रोवलेला नाही. भरती किती वर चढते, पाणी कितपत खारट आहे, पाऊसकाळ आहे की उन्हाळा, यावर ते अवलंबून. तरी त्यावाचून कोणाचे अडत नाही. एलिनॉर रॉश या अमेरिकन विदुषीने १९७०च्या दशकात प्रयोग करून दाखवले की माणसाचे मन बहुतेक कल्पना अशाच बांधते. एखादे ठळक उदाहरण मध्ये ठेवते आणि बाकीची त्याच्या जवळ-दूर लावते. ‘पक्षी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमणी येते, शहामृग येत नाही.

शास्त्राला हे चालत नाही. त्याला कुंपण लागते. ही गोष्ट आपल्याला पश्चिमेने शिकवली असे मात्र समजू नये. न्यायशास्त्राने लक्षणाचे दोष केव्हाच सांगून ठेवले आहेत. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. आणि ‘एकाच खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. कुंपण कसे घालावे हे आपल्या पंडितांना चांगले ठाऊक होते.

आता आपल्या कोशांकडे वळू. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. हा कोश चाळणे म्हणजे गावच्या बाजारातून फिरणे होय. एका शब्दाखाली किती अर्थ, किती म्हणी, किती वाक्प्रचार! शब्द कोणाकोणाच्या घरी जातो-येतो ते सारे तिथे दिसते. याच्या उलट चेहऱ्याचे आपले परिभाषा कोश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश काढले. एका बाजूला इंग्रजी शब्द, त्याच्यासमोर मराठी शब्द, संपले. हे काम फार मोलाचे आहे. त्यावाचून मराठीत शास्त्राची पुस्तके लिहिताना प्रत्येकाने आपापली चूल मांडली असती. पण या मांडणीतून एक गैरसमज नकळत पसरतो. कल्पना ही जणू डबा आहे. चिठ्ठी काढून दुसरी चिकटवली की काम झाले!

वर्गात याचे फळ दिसते. ‘कार्य’ हा शब्द घ्या. आपल्या घरी कार्य म्हणजे लग्नमुंज. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. समजा, एका मुलाच्या वडिलांनी पंधरा किलोंची पिशवी खांद्यावर घेऊन डोंबिवलीच्या फलाटावर वीस मिनिटे गाडीची वाट पाहिली. पुस्तक म्हणते, पिशवीवर केलेले कार्य शून्य. वडील म्हणतात, ‘शून्य? अरे, खांदा मोडून आला!’ मुलगा दोघांमध्ये सापडतो. परीक्षेत पुस्तकाचे लिहितो, मनात वडिलांचे धरतो. तीच गत बल, शक्ती आणि ऊर्जा यांची. बाजारात बळ, शक्ती, जोर ही एकाच घरची भावंडे. शास्त्रात मात्र बल वेगळे आणि शक्ती वेगळी, दोघांची मापेसुद्धा निराळी.

यावर काही पालक म्हणतात, ‘म्हणूनच मराठीत शास्त्र नको. इंग्रजी शब्द कसे स्वच्छ असतात!’ हा भ्रम आहे. ‘फोर्स’, ‘पॉवर’, ‘वर्क’ हेही तिकडचे बाजारातलेच शब्द. शास्त्रज्ञांनी ते घासूनपुसून घेतले. आणि ते घासायला वेळ लागला. १८४७ साली हेल्महोल्ट्झ या थोर जर्मन शास्त्रज्ञाने जो नियम मांडला, त्याला आपण आज ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतो. पण त्याच्या निबंधाच्या मथळ्यात शब्द होता ‘क्राफ्ट’, म्हणजे बल. जिथे अशा माणसाच्या निबंधातही बल आणि ऊर्जा पुरती वेगळी झालेली नव्हती, तिथे तेरा वर्षांच्या पोराने गोंधळावे यात त्याच्या बुद्धीचा काय दोष? परक्या शब्दाचे घरच्या शब्दाशी भांडण होत नाही, हे मी मान्य करतो. पण भांडण झाले नाही म्हणजे समजूत पटली असे नव्हे. इंग्रजी शाळेतला मुलगा ‘वर्क’ची व्याख्या घडाघडा म्हणतो, वडिलांच्या खांद्याचे कोडे त्याला पडतच नाही, एवढेच.

सगळी परिभाषा सारखीच अवघड आहे असेही नाही. ‘दाब’ हा शब्द हाताला आधीच कळलेला असतो. ‘ऊर्जा’ पूर्वी घरात फारशी नव्हती, म्हणून तिच्याशी कोणाचे वैर नव्हते. आता मात्र ‘आज अंगात ऊर्जाच नाही’ असे सर्रास ऐकू येते. म्हणजे शाळेतला शब्द बाजारात उतरला आणि तिथल्यासारखा सैल झाला. भाषा अशी दोन्हीकडे ये-जा करणारच. तिला थोपवू नये.

माझी सूचना साधी आहे. परिभाषा कोशाने आणि पाठ्यपुस्तकाने मोल्सवर्थसाहेबांचा एक गुण उचलावा. प्रत्येक महत्त्वाच्या संज्ञेखाली तीन ओळी द्याव्यात: हा शब्द घरी काय सांगतो, इथे काय सांगतो, आणि इथे त्याचे सोयरे कोण. ‘कार्य’ शिकवताना फलाटावरच्या वडिलांना वर्गात बोलवावे. पिशवी हलली नाही तरी त्यांच्या स्नायूंत ऊर्जा खर्च होते, म्हणून खांदा दुखतो, हे सांगावे. मग वडीलही खरे ठरतात आणि पुस्तकही.

मराठी शाळांतली मुले गळत चालली असताना हा प्रश्न नुसत्या पंडितांचा राहिलेला नाही. शास्त्र समजत नाही म्हणून मूल आपल्या भाषेला कमी लेखते, आणि पुढे स्वतःलाही. दिवाळीच्या फराळाला सारे घर एकत्र बसते. तेव्हा पपईचा नाही तर चकलीचा वाद निघेलच. त्या वेळी आजीला गप्प करू नये आणि नातवालाही दटावू नये. दोघांना आपापला गोतावळा उलगडून सांगू द्यावा. ज्या मुलाला दोन्ही घरांची वाट माहीत आहे, ते मूल शास्त्रातही हरवणार नाही आणि मराठीतही.