जुन्या छायाचित्रांतील पुरुषांचे मैत्र : वाचनाच्या काही अडचणी

दोन पुरुष एका बाकावर बसले आहेत, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर विसावला आहे आणि दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, अशा जुन्या छायाचित्रांचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत गेल्या पाव शतकात गांभीर्याने होऊ लागला. जॉन इब्सन यांचा ‘पिक्चरिंग मेन’ (२००२) हा ग्रंथ सामान्य अमेरिकी माणसांच्या छायाचित्रांवरून असे दाखवतो की, पुरुषांमधील शारीरिक सलगी एकेकाळी निःसंकोच होती आणि विसाव्या शतकात ती आखडत गेली. ह्यू निनी व नील ट्रेडवेल या संग्राहकांचा ‘लव्हिंग’ (२०२०) हा संग्रह त्यापुढे जाऊन अशा जोड्यांना प्रेमिकच मानतो. डोळ्यांतील भाव हा तेथे पुरावा ठरतो. पहिल्या ग्रंथाची शिस्त दुसऱ्यात नाही, हे नमूद केले पाहिजे. मराठी अभ्यासकापुढे मात्र याहून निराळा प्रश्न आहे. हे निकष मुंबई इलाख्यातील छायाचित्रांना लावता येतात काय?

मुंबईत ही कला लवकर रुजली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. असे असूनही त्या काळातील पुरुष-समूहांचे जे दर्शन अभ्यासकांना सर्वाधिक परिचित आहे, ते विल्यम जॉन्सन याच्या ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या द्विखंडात्मक ग्रंथातील होय. त्याचा पहिला खंड १८६३ मध्ये, तर महाराष्ट्रावरील दुसरा खंड १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील माणसे शेजारी शेजारी उभी वा बसलेली दिसतात; परंतु ती मित्र म्हणून तेथे आलेली नाहीत, जातीचा नमुना म्हणून आणलेली आहेत. शिवाय त्यांपैकी अनेक चित्रे जोडकाम आहेत. आकृत्या कापून निराळ्या पार्श्वभूमीवर चिकटवल्या गेल्या. ज्या परिसरात ही माणसे एकत्र दिसतात, तेथे ती नव्हतीच. जेथे जवळीकच छायाचित्रकाराने रचलेली आहे, तेथे डोळ्यांतील भाव कशाचा पुरावा मानावा?

याउलट सगळे श्रेय तंत्राला देणेही बरोबर नाही. ओल्या कलोडियनच्या काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत काही सेकंद निश्चल राहावे लागे आणि टेकलेला हात त्याला साहाय्य करी, हे खरे. पण स्थिर राहण्यासाठी खुर्ची होती, डोक्यामागे लावण्याचा लोखंडी आधारही होता. ते सोडून मित्राचा खांदा निवडला जातो, तेव्हा त्या निवडीला अर्थ असतोच.

येथे कायद्याचाही विचार करावा लागतो. १८६० ची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, म्हणजे जॉन्सनचा पहिला खंड प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी. तिच्या कलम ३७७ खाली प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते त्या कक्षेतून वगळले. दीडशेहून अधिक वर्षे ज्याला लपावे लागले, ते प्रेम सर्वमान्य बैठकीच्या आडोशानेच छायाचित्रात शिरू शकले असते. म्हणून ‘हे तर नुसते मित्र’ असे ठामपणे म्हणणारा समीक्षक निनी-ट्रेडवेल यांच्याइतकाच घाई करतो. फरक एवढाच की, त्याच्या घाईला कोणी घाई म्हणत नाही.

मराठी भाषेने या नात्यासाठी जिवलग, सखा, सोबती, गडी, सांगाती असे शब्द राखले आहेत. ‘गळ्यात गळा घालणे’ हा तर देहाच्या बैठकीवरूनच आलेला वाक्प्रचार. यांतला एकही शब्द ‘मित्र की प्रियकर’ अशी फोड मागत नाही. इंग्रजी ग्रंथांतील वर्गवारी येथे अपुरी पडते, ती या कारणाने.

या विवेचनाचा कोपरखैरणेशी संबंध दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार वाशीला हलल्यावर माथाडी कामगारांची मोठी वस्ती येथे सिडकोच्या घरांत झाली. यांतील बहुसंख्यांचे मूळ सातारा जिल्ह्यात व आसपासच्या डोंगरी भागात आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या आधीपासून हे काम टोळीने चालत आले आहे. बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहणे, पाळीने झोपणे, आजारात एकमेकांची शुश्रूषा करणे हा मुंबईतील कष्टकरी पुरुषांच्या कित्येक पिढ्यांचा संसार होता. स्टुडिओत दोघांनी मिळून काढलेला फोटो हा त्या संसाराचा दुर्मीळ दृश्य पुरावा आहे. जॉन्सनच्या माणसांना पर्याय नव्हता. हे दोघे स्वतःचे पैसे मोडून, धुतलेला सदरा घालून, आपण होऊन कॅमेऱ्यापुढे गेलेले असतात. कोण कोणाच्या डाव्या हाताला बसेल हेही बहुधा त्यांनीच ठरवलेले असते. कुटुंबाचा फोटो भिंतीवर लागतो, असा जोडफोटो मात्र ट्रंकेत जातो आणि घर बदलताना प्रथम तोच टाकून दिला जातो, कारण त्यातला दुसरा माणूस नातेवाईक नसतो.

महाविद्यालयीन प्रकल्पांतून असे फोटो गोळा करावयाचे झाल्यास, ‘हे तुमचे कोण?’ हा प्रश्न पहिला नसावा. उत्तर ठरलेले येते : गाववाला. फोटोच्या किती प्रती काढल्या, पैसे कोणी भरले, गावी कोणाला पाठवला, दुसरी प्रत आज कोणाच्या घरी आहे, हे विचारले तर बोलणे पुढे सरकते. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले काही असल्यास त्याचीही प्रतिमा घ्यावी. संग्रह करताना बहुतेक वेळा पुढचीच बाजू टिपली जाते.