परतीचा हिशेब आणि एक फसवा शब्द

परदेशीं स्थायिक झालेल्या बांधवांच्या परतीविषयीं मराठींत जें लेखन होतें, त्यांत एक प्रसंग सहसा टाळलेला आढळतो. विमानतळावरील अश्रू असतात, मुलांच्या तुटक मराठीची गंमत असते; परंतु "तिकडचें नागरिकत्व घेऊन यावें, कीं तसेंच यावें?" हा जो प्रश्न त्या घरांत महिनोन् महिने घोळत असतो, तो लेखकाला रुक्ष वाटतो म्हणून कीं काय, कागदावर उतरतच नाहीं. आमच्या मतें खरें नाट्य तेथेंच आहे.

अमेरिकेचेंच उदाहरण घेऊं. तेथें कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाल्यावर सामान्यतः पांच वर्षांनीं नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. मायदेशीं येऊन कायमचें राहिल्यास परवाना टिकत नाहीं, नागरिकत्व टिकतें. म्हणून शहाणे लोक सांगतात कीं, आधीं शपथ घ्या, मग सामान बांधा. ह्या सल्ल्यास आम्ही अप्रामाणिक म्हणत नाहीं. मुलें तिकडे शिकत असलीं, तर दार उघडें ठेवावें असें कोणास वाटणार नाहीं? (नागरिक पुण्यास येऊन राहिला, तरी अमेरिका त्याच्या उत्पन्नावरील आपला करहक्क सोडीत नाहीं, हें मात्र हे शहाणे बहुधा सर्वांत शेवटीं सांगतात.)

आमचा आक्षेप "घेऊन येणें" ह्या शब्दप्रयोगास आहे. जणूं ती बेरीज आहे! भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमाप्रमाणें, स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व स्वीकारतांच भारताचें संपतें. मग अशा मनुष्यास जें मिळूं शकतें, त्याचें नांव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. हल्लीं आमच्या दिवाणखान्यांत त्याला खुशाल 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात. तें घेणारास येथें आजन्म येतां-राहतां येतें. पण मत देतां येत नाहीं, विधिमंडळास उभें राहतां येत नाहीं. वडिलांची शेती वारशानें मिळेल, पण शेजारचा वाफा विकत घेतां येणार नाहीं. सवलती थोड्या नाहींत. परंतु येथें विशेषणानें विशेष्यच गिळून टाकलें आहे. पुन्हां खरा नागरिक व्हावयाचें, तर नोंदणीनंतर पांच वर्षें गेलीं पाहिजेत, येथें वास्तव्य पाहिजे, आणि दुसऱ्या देशाचें नागरिकत्व सोडलें पाहिजे.

ही देवघेव किती जीवघेणी होऊं शकते, ह्याची एक जुनी कहाणी आहे. पेशावरचे वैष्णो दास बगई 1915 सालीं सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोस गेले आणि 1921 सालीं अमेरिकन नागरिक झाले. पुढें 1923 सालीं भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यांत, हिंदी लोक कायद्याच्या अर्थानें 'गोरे' नव्हेत, असा तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, आणि बगई ह्यांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. मायदेशीं भेटीस जाण्यासाठीं अमेरिकन पारपत्र मागितलें, तेंही नाकारलें गेलें. 1928 सालीं त्यांनीं आत्महत्या केली. त्यांनीं मागें ठेवलेलें पत्र तेथील वृत्तपत्रांत छापून आलें. आज काळ निराळा आहे, आणि असें संकट आजच्या गृहस्थावर कोसळेल असें आम्ही सुचवीत नाहीं. पण काय दिलें आणि काय मिळालें, ह्याचा हिशेब त्या पत्रांत आहे. आमच्या परतीच्या कथांत तो नाहीं.

गांवीं परतून जुनें घर डागडुजीस काढलेला, निवडणुकीच्या दिवशीं शेजाऱ्यांना शाळेकडे रांगेस जातांना ओट्यावरून पाहणारा, आणि "तुम्हीं येत नाहीं का, काका?" ह्या प्रश्नास काय उत्तर द्यावें तें न सुचणारा गृहस्थ मराठी कथेंत आम्हांस अजून भेटावयाचा आहे.