हरिणीचे ऋण

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ (१९३८) राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावाने मराठीत आणली. ज्योडी आणि हरणाच्या मैत्रीची कथा म्हणून ती वाचली जाते. मला मात्र मैत्रीपूर्वीची गोळी महत्त्वाची वाटते. फ्लॉरिडाच्या रानात सर्पदंश झालेला पेनी विष ओढून घेण्यासाठी हरिणीला मारून तिचे काळीज काढतो. पाडस पोरके होते.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात (२२:६-७) पिलांवर बसलेल्या पक्षिणीला धरू नये, अशी आज्ञा आहे. मरणाच्या दारात पेनीला ती पाळणे शक्य नव्हते. लेखिका त्याला दोष देत नाही; पण निकड होती म्हणून ऋण फिटले, असेही मानत नाही. पाडस घरी आणण्याचा ज्योडीचा हट्ट त्या ऋणापोटीच. पुढे तेच हरीण पीक खाते आणि त्याचा शेवट ज्योडीलाच करावा लागतो. मराठी शीर्षक गोड खरे. परंतु तेव्हा ते पाडस राहिलेले नसते.