कल्पितविश्वातील मृत्युपंथ आणि तहानेलेले मृत

अद्भुतकादंबरीत मृत्युदेवतेचा पंथ उभा करताना लेखक बहुधा मुखवटे, काळी वस्त्रे आणि अगम्य मंत्र यांची रेलचेल करतो. या सामग्रीतून वातावरण निर्माण होते. विधी निर्माण होत नाही. मृतांचे जिवंतांवर काही ऋण आहे आणि ते न फेडल्यास काहीतरी बिघडते, ही जाणीव संहितेत कार्यरत झाली तरच विधीला अर्थ प्राप्त होतो. उर्सुला ले ग्विन यांची ‘द टूम्ब्ज ऑफ अट्युआन’ (१९७१) ही कादंबरी या कसोटीवर तपासण्याजोगी आहे.

पाचव्या वर्षी घरातून आणलेल्या टेनारला अनाम शक्तींची पुजारीण करताना तिच्या शिरच्छेदाचा अभिनय होतो. तिचे नाव काढून घेतले जाते. ती ‘आर्हा’, म्हणजे ‘भक्षिली गेलेली’, होते. हा वस्तुतः जिवंत मुलीचा अंत्यविधीच होय. आर्नल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या: विलगीकरण, उंबरठा आणि समावेशन. आर्हाच्या बाबतीत तिसरी अवस्था येतच नाही. ती उंबरठ्यावरच ठेवली जाते, आणि पंथाची सत्ता या अपुरेपणावरच टिकून असते.

याउलट, जे खरोखर मरतात त्यांना विधीच नाही. तिच्या आज्ञेने कैदी अन्नपाण्यावाचून मारले जातात आणि थडग्यांखालच्या अंधारात पुरले जातात. पुढे तिला स्वप्ने पडतात: शिजवलेले अन्न जमिनीतल्या खड्ड्यात ओतायचे आहे, कुणा तहानेल्याला भरले पात्र न्यायचे आहे, पण पोहोचता येत नाही. पिंड आणि तर्पण यांच्या परंपरेतील वाचकाला या प्रतिमांचे स्पष्टीकरण नको. नाकारलेला विधी येथे स्वप्नाच्या वाटेने परत येतो. कादंबरीतील सर्वांत अस्सल अंत्यसंस्कार हा, आणि तो अपुराच राहतो.

अनाम शक्ती अस्तित्वात आहेत, त्यांना विसरू नये, परंतु त्या पूज्य नाहीत, अशी गेडची भूमिका आहे. हा विवेक महत्त्वाचा आहे. तथापि अखेरीस भूकंपात थडगी कोसळतात आणि त्यालाच मुक्तीचे रूप मिळते, तेव्हा एक प्रश्न उरतो. पुजारीण मुक्त झाली. त्या कैद्यांचे काय? पंथ मोडल्याने त्यांचे ऋण फिटत नाही.

‘द अदर विंड’ (२००१) मध्ये लेखिका या प्रश्नाच्या जवळ येते. ‘द फार्देस्ट शोर’मधील (१९७२) मृतांचा कोरडा प्रदेश ही निसर्गव्यवस्था नसून, अमरत्वाच्या लोभाने प्राचीन जादूगारांनी घडवलेला तो तुरुंग होता, असे येथे उलगडते. भिंत पाडली जाते आणि मृत सुटतात. ज्यांना रानटी मानले गेले त्या कार्गांची पुनर्जन्मश्रद्धाच सत्याच्या अधिक निकट ठरते. ले ग्विन यांनी पंथ नाकारला, पण मृतांचा हक्क नाकारला नाही. कल्पितविश्वातील मृत्युविचाराचे गांभीर्य मोजायचे ते याच भेदावर.