ब्रिटिश पक्षपद्धतीची डॉ. आंबेडकरकृत चिकित्सा : आशय आणि मर्यादा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ब्रिटिश संसदीय पद्धतीचे निःशंक पुरस्कर्ते होते, असे विधान राज्यशास्त्राच्या अभ्यासात वारंवार आढळते. या विधानाचा मुख्य आधार म्हणजे २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे येथील जिल्हा विधी ग्रंथालयात त्यांनी दिलेले व्याख्यान होय. लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी अवश्य आहेत, याचे विवेचन करताना विरोधी पक्षाला त्यांनी मानाचे स्थान दिले आणि इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते, याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधले. ब्रिटनमध्ये ही तरतूद १९३७ च्या कायद्याने झाली होती. भारतात लोकसभेतील विरोधी पक्षनेत्यास अधिकृत मान्यता प्रथम १९६९ साली मिळाली आणि वेतनाचा कायदा १९७७ साली झाला, हे लक्षात घेता त्या व्याख्यानातील दूरदृष्टी मान्य करावी लागते. तथापि एका व्याख्यानावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे अभ्यासाच्या दृष्टीने सदोष आहे.

या प्रश्नावरील त्यांचे लेखन कालक्रमाने वाचले असता निराळे चित्र दिसते. १९३६ साली त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावातच ब्रिटनमधील मजूर चळवळीशी असलेले सादृश्य स्पष्ट आहे. १९४३ साली दिल्ली येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे बोलताना मात्र त्यांनी संसदीय लोकशाहीवर कठोर टीका केली. तिने स्वातंत्र्याचा घोष केला, परंतु आर्थिक समतेकडे पाठ फिरविली, असा त्या टीकेचा आशय होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते याहून पुढे गेले. बहुमतवाल्या पक्षाने मंत्रिमंडळ बनवावे ही ब्रिटिश रीत, बहुमत हे राजकीय असते या गृहीतावर उभी आहे. भारतातील बहुमत जातीय असल्यामुळे तीच रीत येथे अल्पसंख्याकांना कायमची सत्तेबाहेर ठेवील, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून पंतप्रधानाची निवड संपूर्ण सभागृहाने करावी आणि अल्पसंख्याकांचे मंत्री त्यांच्याच प्रतिनिधींनी निवडावेत, अशी योजना त्यांनी मांडली. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सादर करताना, त्यांनी संसदीय कार्यकारी मंडळाचे समर्थन केले.

या अंतराचा उलगडा कित्येक टीकाकार भूमिकाभेदाने करतात. १९४७ चे लेखन एका पक्षाच्या प्रवक्त्याचे आणि १९४८ चे भाषण मसुदा समितीच्या अध्यक्षाचे, असे ते म्हणतात. हे खरे असले तरी पुरेसे नाही. सर्व लेखनात एक प्रश्न अखंड आहे : आजचे अल्पमत उद्याचे बहुमत होऊ शकते काय? राजकीय बहुमत बनते आणि मोडते. जातीय बहुमत जन्माने ठरते, त्याचे दार बाहेरच्यास बंद असते. १९५५ च्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तिकेत हाच भेद पुन्हा येतो आणि त्यावर नवा उपाय सुचविला जातो. दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ असावेत आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता यावीत, हा तो उपाय. त्यास संचित मतदान असे म्हणता येईल. एकसदस्य मतदारसंघ हा ब्रिटिश पद्धतीचा गाभा, आणि त्यालाच येथे नकार आहे.

या नकारामागे प्रत्यक्ष अनुभव होता. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात आंबेडकरांचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. तेथे प्रत्येक मतदारास दोन मते होती, परंतु दोन्ही मते एकास देण्याची मुभा नव्हती. म्हणजे राखीव जागेचा निकाल लावण्यात बहुसंख्य समाजाचे दुसरे मत निर्णायक ठरे. याच नियमाखाली १९५७ साली नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातून मात्र काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले हे दोघे लोकसभेवर निवडून आले. एकाच मतदारसंघाने परस्परविरोधी पक्षांचे दोन प्रतिनिधी पाठविले. एकसदस्य पद्धतीत यांपैकी एकाचे मतदार निष्फळ ठरले असते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि मुदखेडसारख्या गावातील मतदाराच्या हाती पुढे एकच मत व एकच जागा उरली. त्या कायद्याची चर्चा प्रशासकीय सोयीच्या अंगाने पुष्कळ होते. मतदाराने काय गमावले, या अंगाने ती क्वचितच होते.

येथवर आंबेडकरांची चिकित्सा समर्थ आहे. तिच्या मर्यादा दोन आहेत. पहिली ही की, ब्रिटनमधील बहुमत निखळ राजकीय असते हे त्यांचे गृहीत फार उदार आहे. उत्तर आयर्लंड हे ब्रिटिश सत्तेखालीलच उदाहरण आहे. तेथील विधिमंडळासाठी असलेली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत १९२९ साली रद्द करण्यात आली, आणि १९२१ पासून १९७२ पर्यंत एकाच युनियनिस्ट पक्षाचे राज्य अखंड राहिले. धर्माने ठरलेल्या बहुमतापुढे ब्रिटिश पक्षपद्धतीही सत्तापालट घडवू शकली नाही. १९४८ च्या भाषणात आयरिश प्रश्नाचा दाखला देणाऱ्या लेखकाने हे उदाहरण आपल्या सिद्धान्ताच्या कसोटीस लावावयास हवे होते. त्याने सिद्धान्त दुबळा न होता अधिक व्यापक झाला असता. खुद्द इंग्लंडातही मते आणि जागा यांचा मेळ बसत नाही. १९५१ साली मजूर पक्षास हुजूर पक्षापेक्षा अधिक मते मिळूनही सत्ता गमवावी लागली. उलट २०२४ साली त्याच पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. डाव्या मतदारास पहिला निकाल अन्याय वाटतो आणि दुसरा विजय. पद्धत मात्र एकच आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १९४७ ची योजना मंत्रिमंडळाच्या रचनेला हात घालते. १९५५ चा उपाय केवळ मतदारसंघापुरता आहे. संचित मतदानाने अल्पसंख्याकांचा खरा प्रतिनिधी सभागृहात पोहोचेल, परंतु सत्ता कोणाची हा प्रश्न तेथेच राहील. नांदेडचे सोनुले लोकसभेत पोहोचले, तेव्हाही फेडरेशन सत्तेपासून दूरच होते. प्रतिनिधित्व आणि सत्तेतील वाटा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १९४७ साली स्पष्टपणे सांगणाऱ्या आंबेडकरांनी १९५५ साली पहिलीवरच समाधान मानलेले दिसते.

तात्पर्य, आंबेडकरांना ब्रिटिश पद्धतीचे केवळ भक्त म्हणणे जसे चूक, तसेच विरोधक म्हणणेही चूक आहे. विरोधी पक्षाचा आदर त्यांनी त्या पद्धतीकडून स्वीकारला आणि बहुमत मोजण्याची तिची रीत अमान्य केली. १९५२ चे व्याख्यान १९४७ व १९५५ च्या लेखनापासून तोडून शिकविले जाते, तेव्हा हा स्वीकार तेवढा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. अमान्य केलेला भाग वर्गाबाहेर राहतो, आणि ज्या मतदारासाठी ही सर्व चिकित्सा झाली, तोही त्याबरोबर बाहेर राहतो.