‘व्यावसायिक सेनेकडे’ : एक परीक्षण

शार्ल द गॉल यांच्या १९३४ च्या या ग्रंथात १,००,००० व्यावसायिक सैनिकांच्या वेगवान चिलखती सेनेचा पुरस्कार आहे. विमानदलाला त्यात गौण स्थान मिळाले, ही उणीव १९४० मध्ये उघड झाली. मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. रणगाड्यांचा प्रश्न व्यावसायिक सेनेशी जोडल्यामुळे नागरिक-सैनिकाला प्रजासत्ताकाचा आधार मानणारे दुरावले. १९३५ मध्ये पॉल रेनो यांची तदनुसारी सूचना संसदेत निष्फळ ठरली. हा आक्षेप राजकीय दृष्ट्या रास्त, परंतु लष्करी दृष्ट्या अपुरा होय. फ्रान्सने १९८३ मध्ये शीघ्र कृती दल उभारले. तथापि १९९१ च्या आखाती युद्धात सक्तीच्या भरतीचे सैनिक लढावयास पाठविले नाहीत. १९९७ च्या कायद्याने ती भरतीच स्थगित केली. ग्रंथकाराचे गृहीतकृत्य खरे ठरले. ते प्रजासत्ताकाला पटविणे मात्र ग्रंथाला साधले नाही.