बारदेशचें मीठ व कौटिल्याचें ‘वैधरण’

शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं लिहिलेलें पत्र संग्राहकांस सुपरिचित आहे. फिरंग्यांच्या अमलांतील बारदेशचें मीठ स्वस्त; सबब त्यावर अशी जबर जकात बसवावी कीं तें संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावें, हा त्याचा आशय. त्याच्या तुलनेसाठीं कौटिल्याचें शुल्कप्रकरण उघडणें साहजिक. परंतु आमच्या मतें तें स्थळ योग्य नव्हे. तेथें प्रवेश्य मालावर मूल्याचा १/५ भाग सामान्यतः सांगितला आहे. असा कर माल स्वस्त होतांच आपणही उतरतो. पत्रांतील जकात मात्र माल जितका स्वस्त तितकी चढावयाची.

खरें सादृश्य आकरप्रकरणांत (२.१२) आहे. बाहेरून आलेल्या मिठाचा १/६ भाग राजास देऊन, शिवाय घेणाऱ्यानें शुल्क व राजपण्याच्या हानीइतकें ‘वैधरण’ द्यावें, असें तेथें विधान आहे. हानीच्या मापानें कर, हेंच पत्रांतील बीज. भेद इतकाच कीं, कौटिल्य राजाच्या मालाची भरपाई मागतो. पत्रास चिंता आपलीं बंदरें पडण्याची आहे.

यावरून महाराजांच्या दफ्तरीं अर्थशास्त्राची पोथी होती, असें अनुमान कोणीं काढूं नये. सादृश्य म्हणजे परंपरा नव्हे. मात्र ज्यांच्या संग्रहीं जकातीचे कागद असतील, त्यांनीं दराबरोबर मालाचा भावही टिपून घ्यावा. भावावांचून दराचा हेतु कळत नाहीं.